मुलांच्या किडनी प्रत्यारोपणानंतरची ओपीडी, पुणे

माझ्या मुलाला माझी किडनी बसवली, त्या ऑपरेशनचं कौतुक सगळेच करतात. मला लिहायचंय ते नंतरच्या ओपीडीबद्दल आणि तिथल्या कोऑर्डिनेटर सिस्टरांबद्दल.

ऑपरेशनआधीच आम्हा दोघांचं रक्त एप्स्टाइन-बार विषाणूसाठी तपासलं होतं. बहुतेक मोठ्या माणसांसारखा तो माझ्यात होता, मुलाला कधी झालेला नव्हता. सिस्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं, की किडनीबरोबर विषाणूही त्याच्या अंगात जाऊ शकतो. शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट या गोळ्या देतात, त्यांनी टी-पेशी (विषाणूशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दबलेल्या असतात. मग विषाणू शिरलेल्या बी-पेशींना (याही पांढऱ्या पेशीच) आवर घालायला कोणी उरत नाही, त्या वाढत जातात. हाच पीटीएलडी, म्हणजे प्रत्यारोपणानंतर होणारा या पेशींच्या वाढीचा आजार, पुढे लिम्फोमापर्यंत (या पेशींच्या कॅन्सरपर्यंत) जाऊ शकणारा. अशा मुलांना पहिल्या वर्षी धोका जास्त.

साताऱ्याला परतल्यावर पोरगं रात्री घोरायला लागलं. टॉन्सिल सुजलेले, मानेत गाठ. अँटिबायोटिकनं उतार पडेना. फोन केला तर सिस्टर म्हणाल्या, "ताई, वाट बघू नका, उद्याच घेऊन या."

रक्तात विषाणू बराच वाढलेला निघाला. पण नुसत्या त्या आकड्यावर औषध सुरू केलं नाही. टॉन्सिल काढून बायोप्सीला पाठवले, कारण पक्कं निदान तिथेच होतं. रिपोर्ट आला पॉलिमॉर्फिक पीटीएलडी, म्हणजे अजून पूर्ण लिम्फोमा न झालेला प्रकार. मायकोफिनोलेट बंद केलं, टॅक्रोलिमस कमी केलं. गोळ्या कमी केल्या की शरीर किडनी नाकारू शकतं, म्हणून क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते सांगणारा रक्तातला आकडा) वरचेवर तपासायचे, आणि रिपोर्ट आला की संध्याकाळी सिस्टरांचा फोन यायचाच. त्या फोनवर आमच्या घराची झोप अवलंबून होती. गाठी पूर्ण विरल्या नाहीत तेव्हा बी-पेशी मारणारं रिटुक्सिमॅब हे औषध दिलं, आठवड्याला एक असे चार डोस. केमो लागली नाही. किडनी छान चालू आहे.

तक्रारी दोन. डिस्चार्ज कार्ड सगळं इंग्रजीत, आणि त्यात गाठ, घोरणं, न उतरणारा ताप, वजन घटणं यांचा उल्लेखच नाही. ज्यांना सिस्टर भेटल्या नाहीत त्या आईबापांनी काय करायचं? हे मराठीत, ठळक छापायलाच हवं. दुसरं, रक्त घेणारी खिडकी उशिरा उघडते आणि मुलांची गोळी लांबते.

बाहेरगावहून येणाऱ्यांनी टॅक्रोलिमसची पातळी तपासायची असेल त्या दिवशी सकाळची गोळी घरी देऊ नका. बरोबर आणा, रक्त दिल्यावर लगेच द्या.