कॅनव्हास ठेवायचा उभा रॅक आणि डिह्युमिडिफायर : कोकणातला एक पावसाळा काढल्यानंतर

रॅक बसवला फेब्रुवारीत, हे लिहितोय नोव्हेंबरात. मार्चमध्येच लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. कोकणात चित्रं ठेवण्याच्या कुठल्याही सोयीची परीक्षा जून ते सप्टेंबर आणि त्यामागून येणाऱ्या ऑक्टोबरच्या उन्हात होते. जागा रत्नागिरी तालुक्यात, समुद्र चालत दहा मिनिटांवर. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, खाली शहाबादी फरशी. साठा तीसेक कॅनव्हास, त्यांत तेलरंग आणि अॅक्रिलिक दोन्ही, शिवाय काचेच्या फ्रेमा आणि कागदावरची थोडी चित्रं.

रॅक सुताराकडून करून घेतलेला आहे, तयार मिळत नाही. लांबी ६ फूट, खोली ३ फूट, उंची ५ फूट आणि पाच पाच इंचांचे १२ खण. वरची-खालची फळी १९ मिलिमीटरच्या मरीन प्लायची, म्हणजे आयएस ७१० शिक्क्याची. खणांमधले उभे दांडे सागाचे, कडा पॉलिश पेपरने गोल केलेल्या. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड इथे नकोच. एका पावसात कडा फुगून पावासारख्या होतात. प्लायच्या कापलेल्या कडांना सीलर मारून घ्या आणि चित्रं ठेवण्याआधी रॅक तीन आठवडे तरी उघड्यावर वास जाईपर्यंत ठेवा. स्क्रू सगळे ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे. साध्या लोखंडी स्क्रूची खाऱ्या हवेत काही महिन्यांत तांबेरलेली पूड होते आणि ती पूड कॅनव्हासवर पडली की डाग निघत नाही. चाकं लावायचा मोह टाळला ते बरं झालं, लोखंडी चाकं इथे वर्षभरात जाम होतात.

या रॅकमधली एक चूक मात्र जुलैत उघडी पडली. तळाची फळी अखंड होती. वरून हवा खेळत होती, पण खणाच्या तळाशी ती साचत होती, आणि चार कॅनव्हासच्या खालच्या लाकडी चौकटीवर पांढरा बुरा आला. कापडावर अजून काही नव्हतं म्हणून निभावलं. फळी काढून तिच्या जागी दोन दोन इंचांच्या सागवानी पट्ट्या, मध्ये इंचभर फट सोडून, आडव्या ठोकल्या आणि त्यांवर पांढऱ्या ईपीई, म्हणजे पॉलिएथिलीनच्या, फोमची पट्टी चिकटवली. त्यानंतर तळाशी बुरा नाही. पिवळा, गादीतला फोम वापरू नका, तो दमट हवेत काही वर्षांत चिकट होऊन भुगा होतो. नव्याने करून घेणाऱ्याने तळ पहिल्यापासूनच पट्ट्यांचा ठेवावा, फरशीपासून किमान सहा इंच वर आणि भिंतीपासून चार इंच दूर. फरशीला पावसाळ्यात घाम फुटतो, आणि मागे टॉर्च मारता आला नाही तर वाळवीची मातीची नळी चढलेली कळतच नाही. पुराच्या पट्ट्यात सहा इंचांचा काही उपयोग नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात बाजारपेठेत पाणी कुठवर चढलं होतं ते आठवावं. तिथे रॅक वरच्या मजल्यावरच हवा. आणि वरच्या मजल्यावर कौलं असतील तर रॅकच्या माथ्यावर उतार देऊन जाड प्लास्टिक टाकावं, पण फक्त माथ्यावर, बाजूंनी खाली सोडू नये. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीत किती घरांची कौलं उडाली, ते पाहिलेल्याला याचं कारण सांगायला नको.

खणात पाऊण इंच जाडीच्या चौकटीचे तीन कॅनव्हास बसतात, दीड इंचाच्या गॅलरी चौकटीचे दोनच. तोंडाला तोंड, पाठीला पाठ. एकाच्या पाठीवरचा हूक दुसऱ्याच्या रंगात घुसणं ही घरोघरची कहाणी. म्हणून प्रत्येक दोघांमध्ये ५ मिलिमीटरची सनपॅक शीट, म्हणजे पोकळ नळ्यांची पॉलिप्रॉपिलीन शीट, चित्रापेक्षा सगळीकडून इंचभर मोठी कापून, नळ्या उभ्या येतील अशी. तीन फुटांच्या वर गेलं की एक शीट वाकते, तिथे दोन शीट नळ्या काटकोनात ठेवून जोडाव्यात. सनपॅक आणि सनबोर्ड यांत दुकानदारही गल्लत करतात. सनबोर्ड पीव्हीसीचा असतो, चित्राला टेकून वर्षानुवर्षं ठेवायला तो चांगला नाही.

आता मुख्य मुद्दा, वेष्टणाचा. आपल्याकडे चित्र आलं की बबल रॅपमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकायची पद्धत आहे. अॅक्रिलिक रंगाचा थर आपल्या हवेत कधीच पूर्ण कडक होत नाही, उकाड्यात तो जरा मऊच असतो. त्यावर प्लास्टिक दाबून राहिलं की चिकटतं, नाहीतर फुग्यांचे गोल ठसे उमटतात आणि ते ठसे पुसून जात नाहीत. दुसरं म्हणजे जूनमध्ये गुंडाळलं तर जूनची हवाच आत कोंडली जाते. रात्री गारवा आला की तीच ओल प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दवासारखी धरते. प्रवासात बबल रॅप लागतोच. तेव्हा फुगे बाहेरच्या बाजूला आणि आत सिलिकॉन लावलेला रिलीज पेपर. बटर पेपर किंवा ग्लासिन दमट हवेत सुरकुततो आणि मऊ रंगाला चिकटतो. पोचल्या दिवशी सगळं सोडावं. रॅकमध्ये आमच्याकडे एकही चित्र गुंडाळलेलं नाही, धुळीसाठी समोर फक्त जुन्या सुती लुगड्याचा पडदा आहे. कापड धुतलेलं हवं आणि त्याला खळ नको, कारण खळ म्हणजे कसर आणि झुरळांना आमंत्रण.

डिह्युमिडिफायरबद्दल, म्हणजे हवेतली ओल ओढून काढणाऱ्या यंत्राबद्दल, मत संमिश्र आहे. खोक्यावर लिहिलेले ‘दिवसाला २० लिटर’ हे ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेले असतात. आर्द्रता उतरली की तेच यंत्र निम्म्याच्या आसपास पाणी काढतं. त्यात वाईट काही नाही, पण खोलीचा हिशेब करताना खोक्यावरचा आकडा धरू नये. १२ बाय १२ च्या खोलीला हे पुरलं, तेही खोली खरोखर बंद केल्यावर. कौलाखाली छत नसेल तर हे यंत्र अरबी समुद्र उपसायला बसतं. आधी छताला शीट मारली, दाराच्या खालच्या फटीला रबर लावलं, मग आकडा हलला. बाहेर नव्वदीच्या वर असताना आत ६० ते ६५ राहतं. त्याहून खाली ओढायची गरज नाही. बुरशीला साधारण सत्तरीच्या पुढे जोर येतो. ४५ वर लावून ठेवलं तर वीज जळते ती जळतेच आणि वीजपुरवठा बंद पडला की आतली आर्द्रता एकदम उसळी घेते. कॅनव्हासला ती चढउतार जास्त बाधते. २५० वॉटचं यंत्र आठ तास चाललं की दोन युनिट, हा हिशेब धरा. टाकी भरली की ते आपलं आपण बंद पडतं, म्हणून पाइप मोरीत सोडा, उतार राखून. जाळी दर पंधरा दिवसांनी धुवावी लागते. खोली मात्र दोन-तीन अंशांनी तापते.

यंत्र नसेल तर? मग खिडक्या उघड्या ठेवून छोटा पंखा, रॅकच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून. पंख्याने हवा कोरडी होत नाही, पण कोपऱ्यात साचत नाही, आणि बुरा साचलेल्या हवेत आधी येतो. दोन्ही गोष्टी अर्ध्या अर्ध्या करू नयेत. यंत्र चालू आणि खिडकी उघडी, हे जुलैत रोज कुठे ना कुठे दिसतं. मतलई वारे वाहू लागले, सकाळची हवा कोरडी झाली, की मात्र यंत्र बंद करून खिडक्या सताड उघडाव्यात.

आर्द्रतामापक काहीशे रुपयांत मिळतो आणि हमखास चुकीचं दाखवतो. तपासायला बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, चार थेंब पाणी घालून ओलसर करा, विरघळू देऊ नका. ते झाकण आणि मापक एकाच झिप पिशवीत आठ-दहा तास बंद ठेवा. आत बरोबर ७५ टक्के व्हायला हवी. मापक ८१ दाखवत असेल तर नेहमी सहा वजा करून वाचा. मिठाचा हाच गुण आपल्या मुळावरही येतो. खाऱ्या वाऱ्याने चित्रावर बसलेला मिठाचा थर पंचाहत्तरीच्या वर स्वतः पाणी ओढून घेतो, म्हणून पश्चिमेच्या खिडकीसमोरची चित्रं हाताला चिकट लागतात.

सिलिका जेलच्या पुड्या उघड्या रॅकमध्ये टाकणं म्हणजे पैसे फेकणं. कागदी चित्रांच्या घट्ट बसणाऱ्या डब्यात मात्र त्या कामाच्या. नारिंगी रंगाची हिरवी झाली की ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन तास भाजून परत वापरावी. कॅल्शियम क्लोराइडचे डबे पाणी ओढतात, पण ते पाणी खारट आणि गंजवणारं असतं, कलंडलं तर खालचं चित्र गेलं. चित्रांच्या वर तो डबा कधीच ठेवू नये. कपाटात बल्ब लावायची जुनी युक्ती साध्या पिवळ्या बल्बच्या उष्णतेवर चालायची. एलईडी लावून ती साधत नाही आणि साधा बल्ब कापडाजवळ धोक्याचा. डांबराच्या गोळ्यांनी बुरशी थांबत नाही, त्यांची वाफ रंगाजवळ नको.

पावसाळ्यात कॅनव्हास सादळून ढिला पडतो, पोट सोडतो. तेव्हा चौकटीच्या कोपऱ्यातल्या पाचरी ठोकू नयेत. जानेवारीत तोच कॅनव्हास आखडतो आणि कोपऱ्यांत रंगाला तडे जातात. थांबा, नव्वद टक्के वेळा आपोआप ताणला जातो. बुरा दिसला तर चित्र बाजूला काढून आधी वाळू द्या, ओला बुरा पुसला की कापडाच्या विणीत घुसतो. वाळल्यावर घराबाहेर, सावलीत, एन ९५ मास्क लावून मऊ ब्रशने झटका. व्हिनेगर, ब्लीच, सॅनिटायझर यांतलं काहीही रंगावर नको, आणि कडक ऊनही नको.

भिंतीवरच्या फ्रेमांना मागच्या खालच्या कोपऱ्यांत बाटलीच्या बुचाच्या सेंटिमीटरभर जाड चकत्या लावल्या. पावसाचा मारा खाणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर तेवढ्यानेही भागत नाही, ती जूनआधी रिकामीच करावी. या चकत्यांचा एक तोटा म्हणजे मागच्या फटीत कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. महिन्यातून एकदा फ्रेम उचलून पाहायची, घर ओलं असतानाच काढायचं, वाळल्यावर खरवडलं तर भिंतीचा चुना आणि फ्रेमची पॉलिश दोन्ही निघतात. काचेच्या फ्रेमेत कागद काचेला टेकता कामा नये, मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची कापलेली चौकट, हवाच. पिंगुळीच्या चित्रकथीसारखी, म्हणजे कथा सांगण्यासाठीच्या पारंपरिक चित्रांसारखी, कागदावरची कामं उभ्या रॅकमध्ये ठेवूच नका, ती सपाट खणात.

नोंदीसाठी खणांना १ ते १२ आकडे आणि प्रत्येक चौकटीच्या लाकडावर पेन्सिलीने क्रमांक. कापडाच्या पाठीवर मार्करने लिहिलं तर शाई पुढे झिरपते. एका वहीत क्रमांक, माप, माध्यम, खण आणि शेवटचं कधी पाहिलं ती तारीख. हा शेवटचा रकानाच खरा उपयोगाचा, कारण बारा नंबरचा कोपऱ्यातला खण सगळेच विसरतात. तेलरंगाची चित्रं अंधारात जवसाच्या तेलामुळे पिवळट पडतात. ती बिघडलेली नसतात. आत्ता नोव्हेंबरात पाच-सहा बाहेर काढून उत्तरेच्या उजेडात, ऊन न लागता टेकवून ठेवली आहेत, दोन आठवड्यांत पांढरा बराच परत आला.