जेएसएफचा कस्टम कन्व्हर्टर: अख्खा आंबा सीझन वापरल्यावर

रत्नागिरीतल्या एका आंबा व्यापाऱ्याचं हिशोबाचं वेब अ‍ॅप्लिकेशन मी फेब्रुवारीपासून सांभाळतोय. जेएसएफ १.२ (जावामध्ये वेब पानं बनवायचं फ्रेमवर्क) आणि जेएसपी (त्यातली पानं लिहायची जुनी पद्धत), जुनं आहे, पण सर्व्हरचं वर्षाचं भाडं आधीच भरलेलं आणि नव्याने लिहून घ्यायला त्यांच्याकडे पैसे नाहीत, म्हणून तेच चालू. जेएसएफची लाइफसायकल (रिक्वेस्ट आल्यावरचे टप्पे) वगैरे इथे सांगत नाही, सरळ कन्व्हर्टरवर (पानावरची व्हॅल्यू कोडला हव्या त्या रूपात बदलणारा आणि परत उलटवणारा क्लास) येतो, कारण माझा अर्धा एप्रिल त्यात गेला.

बागायतदार पेट्या सांगतो, आमच्या डेटाबेसला डझन लागतात. फळ मोठं असेल तर पेटीत चार डझन बसतात, बारीक असेल तर सहा-सात. म्हणून कन्व्हर्टरला एक प्रॉपर्टी दिली, पेटीत किती डझन, डिफॉल्ट पाच, आणि स्वतःचा टॅग (पानात लिहायची खूण) लिहून ती पानावरून बदलायची सोय केली. बारीक फळाच्या पानावर सहा टाकले. मार्चभर मी खूश, कुठेही गुणाकार लिहावा लागत नव्हता.

मग एक दिवस एक काका पावती घेऊन काउंटरवर आले, "अरे मी बारा पेट्या उतरवल्या, तुझा कॉम्प्युटर दहा कशा दाखवतो?" कागदावर बारा, स्क्रीनवर दहा, डेटाबेसमध्ये साठ डझन. बहात्तर हवे होते.

कन्स्ट्रक्टर (कन्व्हर्टर तयार होताना चालतो तो कोड) आणि सेटरमध्ये (पेटीतल्या डझनांचा आकडा बसवतो तो) एकेक प्रिंट टाकली तेव्हा कळलं. पान पहिल्यांदा उघडताना दोन्ही छापून येतात, सबमिट केल्यावर फक्त कन्स्ट्रक्टर. म्हणजे आपल्या कन्व्हर्टरने स्टेटहोल्डर इंटरफेस (स्वतःची स्टेट जपायचे मेथड) घेतला नसेल तर कंपोनंटच्या स्टेटमध्ये (पानावरच्या फील्डची पुढच्या रिक्वेस्टसाठी जपलेली माहिती) जातं ते नुसतं क्लासचं नाव, पुढच्या रिक्वेस्टला रिकाम्या कन्स्ट्रक्टरने नवा कन्व्हर्टर तयार होतो आणि माझे सहा जाऊन डिफॉल्ट पाच येतात. ना एक्सेप्शन, ना लॉगमध्ये एक ओळ.

आणि माझा खरा राग पुढे आहे. सेव्ह केल्यावर तेच पान परत दिसतं ना, तिथे आकडा बारा बरोबर दिसतो! कारण साठ डझनाच्या पेट्या करणाराही तोच पाचवाला कन्व्हर्टर, साठ भागिले पाच बारा. एन्ट्री करणाऱ्या मुलाला चूक दिसणारच नाही. पान नव्याने उघडलं की टॅग परत सहा देतो आणि मग दहा दिसतात. तीन आठवड्यांच्या एन्ट्री अशा गेल्या, कागदी पावत्या जपून ठेवलेल्या म्हणून दोन रात्री बसून जुळवता आल्या.

दुरुस्ती मात्र पंधरा ओळींची. स्टेटहोल्डर घेऊन सेव्हस्टेटमध्ये आकडा परत द्यायचा, रिस्टोअरस्टेटमध्ये उचलायचा, ट्रान्झियंटचे (स्टेट जपायची नाही का, ते सांगणारे) दोन मेथड लिहायचे आणि ते फॉल्स ठेवायचं, ट्रू ठेवलंत तर स्टेट सेव्हच होत नाही. जे द्याल ते सिरियलाइज होणारं (बाइट्स करून साठवता-पाठवता येणारं) हवं. आमच्याकडे स्टेट क्लायंटवर (ब्राउझरकडे) ठेवलेली, म्हणजे सगळं पानातल्या हिडन फील्डमधून जातं-येतं, आणि बागेतल्या शेडमध्ये नेटवर्क कसं असतं ते इकडच्यांना माहीत आहे, म्हणून मी तिथे दोन आकड्यांपलीकडे काही ठेवत नाही.

त्या दुसऱ्या आकड्यानेही एकदा रडवलं. मे महिन्यात फळाच्या प्रतीचा आकडाही स्टेटमध्ये घातला, सेव्ह होणाऱ्या आकड्यांचा अ‍ॅरे एकाचा दोनाचा झाला, दुपारी अपलोड केलं, आणि सकाळपासून उघडं असलेलं पान सबमिट झाल्यावर जुना एकाचा अ‍ॅरे आला नि एरर. तेव्हापासून रिस्टोअरमध्ये आधी लांबी बघतो, आणि अपलोड रात्रीच.

आधी मी सगळ्यांना सांगत होतो की जेएसएफ २.० वर जा, विषय संपेल. २००९ साली आलेल्या त्या व्हर्जनमध्ये पार्शल स्टेट सेव्हिंग (फक्त बदललेली स्टेट जपणं) आहे, पोस्टबॅकला (सबमिट झाल्यावर) पान फेसलेट्सवरून (जेएसपीच्या जागी आलेली पानांची पद्धत) परत बांधलं जातं त्यामुळे टॅगवर लिहिलेले सहा परत लागतात. घरच्या लॅपटॉपवर करून बघितलं, खरंच लागतात. पण तोच आकडा अ‍ॅक्शनमधून कोडने बदलला तर स्टेटहोल्डरशिवाय तो तिथेही गेला. म्हणून माझं आधीचं बोलणं मागे घेतो, व्हर्जन कुठलंही असो, कन्व्हर्टरमध्ये चालू असताना बदलणारी व्हॅल्यू असेल तर ते मेथड लिहाच.

माझे गुण पाचपैकी साडेतीन. कन्व्हर्टरची कल्पना मला अजून आवडते. आता डिफॉल्ट पाच काढून शून्य केलाय, आणि शून्य दिसला की कन्व्हर्टर एक्सेप्शन फेकतो. काउंटरवरच्या मुलाला लाल अक्षरात मेसेज येतो आणि तो लगेच मला फोन करतो.