स्कार्फसाठी माग घ्यायचाय: रिजिड हेडल, टेबल माग की पावड्यांचा माग?

ठाण्यात किंवा नवी मुंबईत रोज वापरायचा स्कार्फ पातळ आणि सुती असावा लागतो. स्कूटरवर तोंडाला गुंडाळायचा, ऑफिसच्या एसीत खांद्यावर टाकायचा, आठवड्यातून दोनदा धुवायचा. लोकर इथे वर्षातले बहुतेक महिने कपाटातच राहते. म्हणून माग निवडताना आधी सूत ठरवा, कारण ते ठरलं की एक माग आपोआप बाद होतो.

इथे 2/20 सूत धरू, म्हणजे 20 नंबरचे दोन पदर एकत्र पिळलेलं. ते ग्रॅमला जवळपास 16.9 मीटर भरतं. साध्या विणीच्या, अंगावर नीट पडणाऱ्या कापडासाठी त्याची इंचाला 28 ताण्याची टोकं, म्हणजे उभे धागे, लागतात. रिजिड हेडल हा छोटा माग, त्यात भोकं आणि फटी असलेली एकच कडक पट्टी ताणा वर-खाली करते. बाजारात मिळणाऱ्या त्याच्या बारीक पट्ट्या इंचाला 12.5 किंवा 15 टोकांच्या असतात. 2/20 एकेरी ओवलं तर कापड जाळीसारखं होतं आणि सूत सरकतं. दोन पट्ट्या एकत्र लावून घनता वाढवता येते, पण नवख्या माणसाला तिथे फट, म्हणजे बाणा जायला धाग्यांमध्ये होणारी वाट, नीट उघडत नाही आणि त्याचा पहिला ताणा कात्रीने कापण्यात संपतो. जाड सूत घेतलं, समजा 2/6, तर रिजिड हेडल मजेत चालतो. मात्र तो स्कार्फ मे महिन्यात घोडबंदर रोडवर कोणी गळ्यात घालणार नाही. महाबळेश्वरला नेण्यापुरता किंवा उत्तरेतल्या नातेवाइकांना लोकरीचा स्कार्फ द्यायला हा माग उत्तम. स्वस्त आहे, भिंतीला टेकवून ठेवता येतो आणि तासाभरात ताणा लागतो. त्याला कमी लेखायचं कारण नाही, पण पातळ सुती कामासाठी तो नव्हे.

उरले दोन. टेबल माग आणि पावड्यांचा माग दोन्ही चार शाफ्टचे मिळतात (शाफ्ट म्हणजे हेडल, म्हणजे धागा ओवायच्या डोळ्याच्या तारा, अडकवलेली चौकट), दोन्हींत धागे अंतरावर ठेवणारी आणि बाणा ठोकणारी तीच फणी बसते, दोन्हींवर तेच कापड निघतं. फरक फट उघडण्यात आहे. टेबल मागावर दर फेऱ्याला धोटा, म्हणजे बाण्याचं सूत नेणारं साधन, खाली ठेवून हाताने दांडे बदलावे लागतात. पावड्यांच्या मागावर ते काम पाय करतात आणि हात धोट्यावरच राहतात. एका स्कार्फला किती फेरे लागतात ते पाहिलं की याचं वजन कळतं.

धुतल्यावर विणलेला भाग 170 सेंमी लांब, 50 सेंमी रुंद हवा असं धरू. धुण्यातलं आकसणं आणि विणताना ताण्याची होणारी घट मिळून मागावर 200 सेंमी ताणा लागतो. दोन्ही टोकांच्या दशांसाठी 15-15 सेंमी. म्हणजे स्कार्फमागे 230 सेंमी. फणीत रुंदी 22 इंच, टोकं 616. बाण्याचे, म्हणजे आडव्या धाग्याचे, फेरे इंचाला 26 धरले तर एका स्कार्फला दोन हजारांहून थोडे जास्त फेरे होतात. टेबल मागावर तेवढ्या वेळा धोटा ठेवणं आणि उचलणं आलं. नमुने विणायला, वेगवेगळ्या विणी शिकायला टेबल माग छान. एकापाठोपाठ स्कार्फ काढायला तो जीव काढतो.

पावड्यांच्या मागाची किंमत वेगळ्या ठिकाणी द्यावी लागते. ताण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी जे सूत विणता येत नाही, ते इथे 80 सेंमीच्या आसपास जातं. एका स्कार्फसाठी ताणा लावला तर 310 सेंमी म्हणजे 113 ग्रॅम सूत. चार स्कार्फ एकाच ताण्यावर घेतले तर 10 मीटर, 364 ग्रॅम. चार वेगळे ताणे लावले असते तर 451 ग्रॅम लागलं असतं. सूत 87 ग्रॅम वाचलं, हे किरकोळ. खरी बचत ओवणीची: 616 टोकं हेडलमधून आणि मग फणीतून काढायला नवख्याचा अख्खा दिवस जातो, आणि चार ताणे म्हणजे असे चार दिवस. बाण्याला स्कार्फमागे 70 ग्रॅम धरा. चार स्कार्फना एकूण 645 ग्रॅमच्या आसपास लागतं. 750 ग्रॅम घ्या, म्हणजे रंगाचा लॉट बदलण्याची वेळ येत नाही. बाणा वेगळ्या रंगाचा घेतला तर एकाच ताण्यावरचे चार स्कार्फ चार वेगळे दिसतात.

सूत भिवंडीत मिळतं, पण ते यंत्रमागांच्या हिशेबाने आणि मोठ्या मापात. तिथलं एकपदरी सूत खळ दिल्याशिवाय ताण्यात टिकत नाही. घरी खळ देण्याच्या भानगडीत न पडता दोनपदरीच घ्या. फणी विकत घेताना मात्र एक प्रश्न विचाराच: नंबर किती इंचांचा? आपल्याकडे फणीचा नंबर दोन इंचांतल्या घरांवरून देतात. 28 नंबरच्या फणीत इंचाला 14 घरं असतात आणि घरात दोन टोकं भरली की 28 होतात. आयात मागाबरोबर येणारी फणी एका इंचावर किंवा 10 सेंमीवर मोजलेली असते. हा घोळ झाला की कापड निम्म्या किंवा दुप्पट दाटीचं होतं, आणि ते विणायला बसल्यावरच कळतं.

लांब ताण्याचा खरा त्रास तो बीमवर, म्हणजे मागच्या रुळावर, गुंडाळण्यात आहे. 3 मीटरचा ताणा एकटा माणूस कसाबसा गुंडाळतो. 10 मीटरला दुसरा माणूस हवाच, तो समोरून ताण धरतो. प्रत्येक थराखाली जाड कागद किंवा काठ्या घाला आणि कागद ताण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी 5 सेंमी रुंद ठेवा. कागद अरुंद पडला की कडेची टोकं खालच्या थरात घसरतात. पहिला स्कार्फ ठीक निघतो, तिसऱ्यापासून किनारी सैल होऊन लहरतात, आणि दोष धोटा टाकण्यात शोधला जातो. ताण्याचे धागे क्रमाने ठेवणाऱ्या फुलीच्या काठ्या ओवणी होईपर्यंत काढू नका. ओवणीत एक टोक चुकलं तर सगळं उसवायची गरज नाही: योग्य शाफ्टवर दोऱ्याचं हेडल गाठ मारून बांधा आणि ते टोक त्यातून घ्या. किनारीची टोकं सारखी तुटत असतील तर बाणा आवळला जातोय. तो फटीत तिरका टाकून मग ठोका.

पुढचा ताणा तेवढ्याच टोकांचा असेल तर शेवटचा स्कार्फ कापताना जुनी टोकं फणीपुढे हातभर सोडा आणि नवीन सूत एकेक करून सांधा. ओवणी वाचते. त्यामुळे दर वेळी रुंदी बदलणाऱ्यापेक्षा एकाच रुंदीचे स्कार्फ विणणाऱ्याला पावड्यांचा माग जास्त फायद्याचा.

आता जागा. पावड्यांच्या मागाला विणकराच्या बाकासकट साधारण दीड मीटर खोल आणि सव्वा मीटर रुंद जागा अडते. घडीचा माग मिटतो, पण लांब ताणा लावलेला असताना तो वारंवार मिटवू नये, ताण बिघडतो. ठोक्याचा आवाज खालच्या मजल्यावर जातो. मागाच्या पायांखाली जाड रबर घाला आणि दुपारी विणा. 22 इंचांच्या रुंदीला झटक्याचा, म्हणजे दोरी ओढून उडवायचा, धोटा लागत नाही, हाताने टाकायचा पुरतो, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमचं नावही येत नाही.

हवा ही दोन्ही मागांची सारखी डोकेदुखी. वाशी-नेरुळसारख्या खाडीलगतच्या भागात साध्या पोलादाची फणी पावसाळ्यात गंजते आणि पांढऱ्या ताण्यावर तपकिरी रेघा उमटतात. फणी आणि हेडल स्टेनलेस स्टीलचेच घ्या. सुताला मात्र दमट हवा मानवते, कापूस ओलाव्यात मजबूत होतो. तो जास्त तुटतो एसी लावलेल्या कोरड्या खोलीत. लोकर आणि रेशीम याच्या उलट, ओलाव्यात थोडे कमजोर पडतात.

वर्षाला दोन-तीन स्कार्फ, तेही वेगवेगळे, एवढाच बेत असेल तर टेबल माग घ्या आणि वेळ जातो हे मान्य करा. दर दोन-तीन महिन्यांत चार स्कार्फ काढायचे असतील तर पावड्यांचा. जुना मिळत असेल तर आधी दोन्ही कर्ण मोजा, लांबी सारखी नसेल तर चौकट तिरकी आहे. बीम फिरवून वाकलेला नाही ना पाहा, ब्रेक लावून ताणा जोरात ओढा, हेडल मोजा. 616 टोकांना दर शाफ्टवर किमान 154 हवेत. आणि लिफ्टचं दार मोजून घ्या.