वेल्श चॅनेलचा पैसा: सरकारी अनुदान की लायसन्स फी?

एस-फोर-सी हे वेल्श भाषेचं, म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सच्या भाषेचं टीव्ही चॅनेल १९८२ साली सुरू झालं, तेही वेल्श राष्ट्रवादी नेते ग्विनफोर इव्हान्स यांनी आमरण उपोषणाचा इशारा दिल्यावर सरकार नमलं म्हणून. १९९० च्या दशकापासून मुख्य पैसा थेट सरकारी अनुदानातून यायचा आणि तो महागाईप्रमाणे वाढवायचा हे कायद्यातच होतं, म्हणजे दरवर्षी हात पसरायची गरज नाही, मला हे फारच आवडतं. पण २०१० मध्ये लंडनच्या सरकारने काटकसर काढली, पुढे कायदा बदलून ती हमीच काढून टाकली, आणि झाली ना मोठी कपात!

दुसरा पर्याय लायसन्स फी, म्हणजे ब्रिटनमध्ये टीव्ही बघण्यासाठी घरोघर दरवर्षी भरावी लागणारी फी, २०२२ पासून सगळा सार्वजनिक पैसा त्यातूनच येतो. मंत्र्यांपासून जरा लांब, काही वर्षांचा आकडा आधीच कळतो, सिरीयलवाल्यांना प्लॅनिंग करता येतं. पण फीच दोन वर्षं गोठवली की चॅनेलही अडकतं, शिवाय टीव्ही सोडून फक्त नेटफ्लिक्स-यूट्यूब बघणारे वाढले तर फी भरणार कोण?

तरी मी लायसन्स फीच निवडेन, फक्त महागाईची ती जुनी हमी परत कायद्यात यायलाच हवी, कारण पाच लाखांवर वेल्श बोलणाऱ्यांना जाहिरातींच्या भरवशावर सोडून चालणार नाही.