डेबियन १२ एकट्याने बसवलं, त्याला आता आठ महिने झाले

मी पूर्ण अंध आहे. डेबियन म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा एक प्रकार. याआधी दोनदा लिनक्स बसवलं ते शेजारी डोळस माणूस बसवून. या वेळी सगळं स्वतः केलं, एक गोष्ट सोडून. पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू व्हावा म्हणून आधी बायॉसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या अगदी मूळ सेटिंगमध्ये, क्रम बदलावा लागतो आणि तिथे ना आवाज असतो ना ब्रेल. तेवढ्यासाठी भावाला हाक मारावी लागली. याचा मला अजूनही राग आहे, कारण त्यापुढे इन्स्टॉलर (सिस्टिम बसवणारा प्रोग्राम) बनवणाऱ्यांनी किती विचार केलाय ते लगेच कळतं.

इन्स्टॉलरचा मेनू तयार झाला की बीप वाजतो: यूईएफआयमध्ये (बायॉसची नवी पद्धत) दोनदा, जुन्या बायॉसमध्ये एकदा. मग आवाजासाठी एस दाबून एंटर. काहीच दाबलं नाही तरी ३० सेकंदांनी आवाज आपोआप सुरू होतो. यूएसबी ब्रेल डिस्प्ले (पडद्यावरचा मजकूर ठिपक्यांत दाखवणारं उपकरण) आधीच जोडून ठेवा, बीआरएलटीटीवाय हे ब्रेलचं सॉफ्टवेअर तो स्वतःच ओळखतं. पूर्वी अधिकृत इन्स्टॉलरमध्ये साउंड कार्डाचं मालकीचं (मुक्त नसलेलं) फर्मवेअर, म्हणजे ते चालायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर, नसायचं, त्यामुळे काही लॅपटॉप मुकेच राहायचे. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून ते आत घेतलं आणि जून २०२३ मधल्या १२व्या आवृत्तीपासून ही अडचण बरीच सरली.

प्रश्न एकेक करून येतात, आकडा टाइप करायचा, एंटर. अडलं तर प्रश्नचिन्ह टाइप करून मदत. भाषा, कीबोर्ड, वायफाय भराभर झालं. खरी परीक्षा डिस्कच्या पानावर. तिथे माझ्या हार्ड डिस्कचं नाव एसडीए, पेनड्राइव्हचं एसडीबी. मजकूर वाचून दाखवणाऱ्या ईस्पीकच्या यांत्रिक आवाजात, त्यातून मी वेग वाढवलेला, शेवटचं अक्षर नीट कळेना. तीनदा ऐकलं, तरी खात्री होईना. मग बोट ब्रेलवर ठेवलं. ए म्हणजे फक्त पहिला ठिपका, बी म्हणजे पहिला आणि दुसरा. बोटाखाली एकच ठिपका होता. पुढे ५०० जीबी वाचलं आणि मगच ‘बदल डिस्कवर लिहायचे का’ याला होकार दिला. तिथे आपण होऊन निवडलेला पर्याय ‘नाही’ असतो, हे फार बरं केलंय.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर लॉगिनच्या पानावरच ऑर्का हा स्क्रीन वाचणारा प्रोग्राम बोलू लागला, वेगळं काही करावं लागलं नाही. तेव्हा मी खुर्चीत मागे टेकून नुसता ऐकत राहिलो.

रोजच्या वापरात माते डेस्कटॉप, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस उत्तम चालतात. मराठी मजकुरासाठी ईस्पीकचा मराठी आवाज लावलाय. उच्चार ओबडधोबड, पण काम होतं. त्रास आहे तो काळ्या कन्सोलवर, म्हणजे नुसत्या मजकुराच्या पडद्यावर. डेस्कटॉपने साउंड कार्ड धरून ठेवलं की कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून गेल्यावर तिथला आवाज कधीकधी गप्प होतो. ब्रेल मात्र चालूच असतं, म्हणून दुरुस्तीची कामं मी बोटांनीच करतो. डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर सुरुवातीला पासवर्ड विचारतानाही आवाज नसतो. ग्रब म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम. त्याच्या सेटिंगमध्ये ‘ग्रब इनिट ट्यून’ ही ओळ आहे, तिच्या सुरुवातीची हॅश (#) काढून ग्रब अपडेट केलं की मेनू आल्याचा सूर वाजतो. माझ्या लॅपटॉपवर तो वाजला की थोडं थांबून मी पासवर्ड टाइप करतो.