डीप्लायर: दोन वर्षं रोज वापरल्यावर, पाचपैकी चार स्टार

मी एका दूध संकलनाच्या ठिकाणी हिशोबाचं काम बघतो, चार सेंटर, रोज दोन वेळचं दूध, प्रत्येक खात्याचं लिटर आणि फॅट. आधी सगळं एक्सेलच्या पिव्होटवर चालायचं, मग फाईल उघडायलाच चहा पिऊन यावं लागायला लागलं, तेव्हा भाच्याने आर (आकडेमोडीची प्रोग्रॅमिंग भाषा) टाकून दिलं आणि म्हणाला मामा डीप्लायर शिक बाकी काही बघू नकोस. हॅडली विकहॅम नावाच्या प्रोग्रॅमरचं हे आरला जोडायचं पॅकेज 2014 पासून आहे, फुकट आहे, आणि वाचायला इतकं सोपं की आधी फिल्टर (हव्या त्या ओळी ठेव), मग ग्रुप_बाय (गट पाड), मग समराइज (गटागणिक बेरीज-सरासरी काढ), एकाखाली एक पाईपने, म्हणजे एकाचं उत्तर पुढच्याला देणाऱ्या चिन्हाने, जोडत जायचं. बेस आरमधलं, म्हणजे पॅकेजशिवायच्या मूळ आरमधलं, ॲग्रीगेट आणि टी-अप्लाय पण हेच करतात, पण महिन्याभराने स्वतःचाच कोड उघडला की आपण काय लिहिलंय ते कळत नाही.

आता मुद्द्याचं. फिल्टर कुठे लिहिता त्यावर उत्तर बदलतं, आणि हे कोणी ओरडून सांगत नाही. समजा खातं नंबर 17 च्या तीन नोंदी आहेत, प्रत्येकी 20 लिटर, फॅट 3.8, 3.4 आणि 3.9. मला हवं होतं की ज्याचं सरासरी फॅट 3.5 च्या खाली त्याला बाजूला काढा आणि बाकीच्यांच्या लिटरची बेरीज द्या. मी काय केलं, फॅट 3.5 किंवा जास्त असा फिल्टर सगळ्यात वर ठोकला. झालं, मधली नोंद उडाली आणि बिचाऱ्याचे 60 चे 40 लिटर झाले! हेच आधी ग्रुप_बाय करून मग फिल्टरमध्ये मीन (सरासरी) लिहिलं की सरासरी येते 3.7, माणूस पास, तिन्ही नोंदी राहतात, बेरीज 60. कोड दोन्हीकडे चालतो, एरर कुठेच नाही. नशीब की बिलं छापायच्या आधी एकदा हाताने ताळा केला.

दुसरी भानगड एनएची, म्हणजे रिकाम्या राहिलेल्या आकड्याची. एका दिवशी लिटर भरायचं राहिलं तर त्या खात्याची अख्खी बेरीज एनए येते, एनए.आरएम ट्रू (रिकामे आकडे सोडून दे) लिहिल्याशिवाय हलत नाही, आणि हे मला तरी बरंच वाटतं, निदान कळतं तरी की कुठेतरी भोक आहे. पण फिल्टर उलटा, त्यात फॅटच एनए असेल तर ती ओळ गुपचूप गिळून टाकतो. एकाच कोडमध्ये एक बोंब मारतो आणि दुसरा तोंडातून शब्द काढत नाही, एक स्टार इथेच कापला.

आणि ते ग्रुप चिकटून राहणं! सेंटर आणि खातं अशा दोन गोष्टींवर ग्रुप करून समराइज केलं की शेवटचा ग्रुप सुटतो पण सेंटरचा तसाच राहतो, मी पुढे प्रत्येक खात्याचा टक्का काढला तर सगळ्यांची बेरीज 400 आली, कारण चार सेंटरचे वेगवेगळे शंभर शंभर. लाल अक्षरात मेसेज येतो म्हणा त्याबद्दल, पण मी महिनाभर तो जाहिरात असल्यासारखा वाचलाच नाही. 2023 च्या 1.1.0 पासून डॉट-बाय आलंय, ते समराइजच्या आतच लिहायचं, काम झालं की ग्रुप आपोआप जातो. मी आता तेच वापरतो, ग्रुप_बाय जवळजवळ सोडलंच.

जुनं प्लायर पॅकेज कोणाच्या कोडमध्ये असेल तर ते डीप्लायरच्या आधी लोड करा, नंतर केलंत तर समराइज त्याचं चालतं आणि सगळ्या खात्यांची मिळून एकच ओळ हातात येते. आणि डीप्लायरच लोड करायचं विसरलात तर आर त्याचा स्वतःचा, वेगळ्याच कामाचा फिल्टर चालवतो आणि कॉलमच सापडत नाही म्हणून रडतो, तेव्हा कॉलमचं स्पेलिंग तपासत बसू नका (मी अर्धा तास बसलो होतो).

स्पीडचं म्हणाल तर माझ्या दोनेक लाख ओळी डोळ्याची पापणी लवेपर्यंत होतात. ज्यांच्याकडे कोटीत ओळी आहेत त्यांनी डेटा.टेबल हे आरचंच दुसरं पॅकेज बघा, ते जास्त चपळ आहे, पण त्यातले चौकोनी कंस आणि स्वल्पविराम बघून मी दोनदा परत आलोय.