७,६७० रुपये, दोन वीकेंड आणि एक काचेचा दरवाजा: प्रोजेक्ट मॅनेजमेंट वर्कशॉपचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, मी काही एमबीए वगैरे नाही. पुण्यात इंटिरिअरची छोटी कामं घेतो, दुकान, क्लिनिक, मधेच एखादा फ्लॅट. गेल्या वर्षी एका डेंटल क्लिनिकचं काम ३४ दिवसांत देतो म्हणून बसलो आणि किल्ली दिली ५२ व्या दिवशी. डॉक्टर मॅडम तोंडाने काही बोलल्या नाहीत पण शेवटचे ३० हजार अजून "बघते हां" मध्येच अडकलेत. हे ऐकून मेहुण्याने या वर्कशॉपची लिंक पाठवली. फी ६,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७,६७०, दोन शनिवार दोन रविवार, रोज ४ तास. नाव लिहीत नाही कारण खाली तक्रारीही आहेत.

पहिली तक्रार पहिल्याच दिवशीची. वेळेचं नियोजन शिकवणारा क्लास ४० मिनिटं उशिरा सुरू झाला, प्रोजेक्टरची केबल सापडत नव्हती म्हणून. आम्ही १४ जण एकमेकांकडे बघून हसतोय.

पण सर आले आणि बोलायला लागले तसं बरं वाटलं. माणूस साईटवर राबलेला आहे हे दोन वाक्यांत कळतं. इतिहास १० मिनिटांत उरकला, क्रिटिकल पाथची (ज्या कामांच्या साखळीवर शेवटची तारीख ठरते ती शोधायची) पद्धत १९५७ च्या आसपास ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांनी काढली, त्याच सुमारास अमेरिकन नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट ही तशीच नियोजनाची पद्धत काढली, बस. मग प्रत्येकाला स्टिकी नोट्सचा गठ्ठा दिला आणि म्हणाले, तुमचं सगळ्यात फसलेलं काम घ्या, एका चिठ्ठीवर एक काम आणि किती दिवस ते लिहा, आणि कशानंतर काय ते भिंतीवर लावा.

माझे पैसे इथेच वसूल झाले राव.

मला इतके दिवस वाटायचं उशीर सुतारामुळे झाला. भिंतीवर बघितलं तर वेगळंच. टाईल संपली होती १६ व्या दिवशी. क्लिनिकला पुढे टफन (तापवून कडक केलेल्या) काचेचा दरवाजा होता, त्याचं माप टाईल झाल्याशिवाय घेता येत नाही, आणि माप अगदी पक्कं लागतं, कारण काच एकदा टफन झाली की ती कापता येत नाही की तिला भोक पाडता येत नाही, लॉकचा आणि बिजागरीचा कटआऊट सगळा आधीच करून घ्यावा लागतो. माझा काचवाला घेतो ९ दिवस. म्हणजे १६ व्या दिवशी माप दिलं असतं तर २५ व्या दिवशी काच साईटवर. मी काय केलं, काच शेवटी बसते म्हणून काचवाल्याला बोलावला पण शेवटी, पेंट संपल्यावर, ४० व्या दिवशी! सर म्हणाले, "तुमच्याकडे १५ दिवसांचा फ्लोट होता, म्हणजे तेवढं थांबलात तरी शेवटची तारीख हलली नसती, तुम्ही २४ दिवस बसून राहिलात." ९ दिवस तिथे गेले. उरलेले ९ कुठे, तर मॅडमनी मधेच "जरा एवढा स्टरिलायझेशनचा काउंटर पण करून द्या ना" म्हटलं आणि मी हो म्हणालो, ना वाढीव पैसे बोललो ना वाढीव दिवस. याला स्कोप क्रीप म्हणतात म्हणे. आम्ही याला भिडस्तपणा म्हणायचो.

दिवसांचा अंदाज काढायचं एक साधं सूत्रही आवडलं. सुताराला "किती दिवस?" विचारलं की तो १० म्हणणार. आता तीन प्रश्न विचारायचे, सगळं सुरळीत झालं तर किती, नेहमीसारखं झालं तर किती, वाट लागली तर किती. तो म्हणाला ८, १०, १८. मधल्याला चारने गुणायचं, तिन्ही मिळवायचे, सहाने भागायचं, आले ११. एका दिवसाचाच फरक, पण मिस्त्री १८ म्हणाला कशामुळे हे विचारलं तेव्हा कळलं की त्याच्या गावची जत्रा मधे येतेय, ते त्याने आपणहून कधीच सांगितलं नसतं.

अर्न्ड व्हॅल्यूचा, म्हणजे झालेल्या कामाची किंमत ठरलेल्या कामाशी आणि खर्चाशी ताडून बघण्याचा, मात्र खेळखंडोबा केला. शेवटच्या रविवारी २० मिनिटांत गुंडाळलं, अर्ध्या लोकांना कळलंच नाही, मला घरी बसून सोडवावं लागलं. समजा ४ लाखांच्या बजेटचं काम, निम्मी मुदत गेली, २ लाखांचं काम व्हायला हवं होतं, झालं दीड लाखाचं आणि खर्च झालाय १ लाख ८० हजार. म्हणजे वेळेतही मागे आणि प्रत्येक रुपयामागे ८३ पैशांचंच काम होतंय. आमच्या धंद्यात हे दिसत नाही कारण पार्टीने ७० टक्के ॲडव्हान्स दिलेला असतो, खात्यात पैसे दिसतात आणि माणूस खुशीत फिरतो. इतका महत्त्वाचा भाग, आणि तोच घाईत.

सॉफ्टवेअरचा सेशन माझ्यासाठी फुकट गेला, सर स्क्रीनवर क्लिक करतायत, आमच्यापैकी निम्म्यांकडे लॅपटॉपच नाही. सर्टिफिकेटवर माझं आडनाव चुकलंय, तीन मेल केले. चहा बरा होता. आणि जाहिरातीत "इंटरनॅशनल परीक्षेची तयारी" लिहिलंय त्यावर जाऊ नका, पीएमआय या अमेरिकन प्रोजेक्ट मॅनेजमेंट संस्थेच्या सुरुवातीच्या पातळीच्या कॅपम (CAPM) परीक्षेलाच २३ तासांचं शिक्षण दाखवावं लागतं, इथे होतात १६.

आता काय बदललं म्हणाल तर दोनच गोष्टी. वाढीव काम आलं की व्हॉट्सॲपवर लगेच टाकतो, "हे एवढं जादा, इतके पैसे, इतके दिवस, ओके का?" आणि ओके आल्याशिवाय सुताराला सांगत नाही. दुसरं, सरांनी दिल्ली मेट्रो उभारणाऱ्या ई. श्रीधरन साहेबांनी तिथे लावलेल्या उलट्या घड्याळांचं सांगितलं होतं, किती दिवस उरले ते दाखवणारी, तर मी पण साईटवर प्लायच्या तुकड्यावर खडूने रोज उरलेले दिवस लिहायला लागलो. दुसऱ्याच आठवड्यात मिस्त्रीने १९ चे ४९ करून ठेवले होते.

स्वतःचा धंदा असेल तर जा, स्वतःचं एक फसलेलं काम तारखांसकट लिहून घेऊन जा. नोकरीत प्रमोशनसाठी कागद हवा असेल तर दुसरीकडे बघा. पाचपैकी साडेतीन, आडनाव दुरुस्त करून दिलं तर चार.